दिवस वाढला, मग उडी कुणी मारली?

माझी भाची पाचवीत आहे. शाळेत लीप वर्ष शिकवलं, चारने भाग जाणारं वर्ष, फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा वगैरे. तोपर्यंत सगळं ठीक होतं. मग बाईंनी सहज सांगितलं की लीप म्हणजे उडी. घरी येऊन तिने मला धरलं. "मामा, उडी मारली की मधलं काहीतरी सुटतं ना? इथे तर एक दिवस जास्त मिळतो. मग उडी कुणी मारली?"

मी इतकी वर्षं हा शब्द वापरतोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिला 'उद्या सांगतो' म्हटलं. त्यानंतर पंधरा दिवस मी या एका शब्दाच्या मागे होतो.

उडी तारखेने मारलेली असते आणि ओलांडला जातो तो वार. साध्या वर्षात ३६५ दिवस असतात. सातने भागलं तर ५२ आठवडे होतात आणि एक दिवस उरतो. त्यामुळे कोणतीही तारीख पुढच्या वर्षी एका वाराने सरकते. १५ ऑगस्ट २०२२ ला सोमवार होता, २०२३ ला मंगळवार. या चालीने २०२४ ला बुधवार यायला हवा होता, पण आला गुरुवार. कारण मध्ये २९ फेब्रुवारी घुसला आणि ५२ आठवड्यांवर एकाऐवजी दोन दिवस उरले. बुधवारावरून तारखेने टांग टाकली.

२६ जानेवारीचं थोडं वेगळं होतं. ती तारीख फेब्रुवारीच्या आधी येते, म्हणून तिची उडी पुढच्या वर्षी दिसते. २०२४ ला प्रजासत्ताक दिन शुक्रवारी होता आणि २०२५ ला रविवारी. शनिवार गायब. घरातलं जुनं कॅलेंडर काढून हे भाचीला दाखवलं तेव्हा तिने इतर वाढदिवसही तपासले आणि मगच माझ्यावर विश्वास ठेवला.

म्हणजे इंग्रजांनी नाव ठेवताना वाढीव दिवसाकडे बघितलंच नाही. त्या दिवसामुळे पुढच्या तारखांचं काय होतं, ते बघितलं. प्रत्येकाने असंच बघितलेलं नाही. जर्मन लोक या वर्षाला 'मध्ये घातलेलं' या अर्थाचं नाव देतात. फ्रेंच आणि स्पॅनिश नावं थेट रोमन काळातून आली आहेत. रोमन लोक २९ फेब्रुवारी असा नवा आकडा देत नसत, मार्चच्या पहिल्या दिवसाआधीचा सहावा दिवस ते दोनदा मोजत, म्हणून 'दोनदा सहावा'. आपल्या पंचांगवाल्यांचा कारभार सगळ्यात सरळ. महिना वाढला तर अधिक मास, तिथी वाढली तर वृद्धी, आणि एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्ये सुरू होऊन तिथेच संपली तर क्षय. वाढीला वाढ म्हणायचं आणि घटीला घट. अधिक महिन्यात जावयाला अनारसे देताना 'यात उडी कुणाची' असा प्रश्न कुणाला पडत नाही.

खरी उडी बघायची असेल तर १५८२ सालात जावं लागतं. ज्युलियस सीझरने ठरवलेलं वर्ष सरासरी ३६५ दिवस आणि ६ तासांचं होतं. ऋतूंचं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटं म्हणजे एका चहाचा वेळ, पण शतकानुशतकं साचत गेला की वसंत ऋतू कॅलेंडरवर दहा दिवस आधी येऊ लागतो आणि ईस्टर कधी धरायचा याची पंचाईत होते. तेराव्या ग्रेगरी पोपने हिशेब नीट करायला सांगितला. ४ ऑक्टोबर १५८२, गुरुवार. लोक झोपले. दुसऱ्या दिवशी उठले तर शुक्रवार, १५ ऑक्टोबर. अविलाच्या संत तेरेसा नेमक्या त्याच रात्री वारल्या. म्हणून त्यांच्या चरित्रात ४ आणि १५ या दोन तारखा शेजारीशेजारी दिसतात आणि वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटते.

इथे गंमत बघा. या वेळी वार गुरुवारनंतर शुक्रवार असे मुकाट चालत राहिले आणि तारखेने दहा दिवसांवरून उडी मारली. लीप वर्षाच्या अगदी उलट. तरी १५८२ ला कुणी लीप वर्ष म्हणत नाही. ज्या वर्षी खरोखर दहा दिवस ओलांडले गेले, त्याच्या वाट्याला हा शब्द आलाच नाही.

आपल्या इतिहासातही या उडीचा माग सापडतो. स्पेन, पोर्तुगालने नवं कॅलेंडर लगेच घेतलं. पोपचं कशाला ऐकायचं, म्हणून इंग्रज १७५२ पर्यंत जुनंच धरून बसले. त्यामुळे शिवकालातली इंग्रजांची पत्रं आणि पोर्तुगीजांचे कागद यांच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर असतं आणि अभ्यासकांना ते जुळवून घ्यावं लागतं. रायगडावरच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही आपण पाठ केलेली तारीख इंग्रजांच्या जुन्या कॅलेंडरची आहे. आजच्या कॅलेंडरने तो दिवस १६ जून येतो. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी मात्र दोन्हीकडे तीच. चंद्राला पोपशी काही देणंघेणं नव्हतं.

ग्रेगरीच्या नियमात आणखी एक बारीक कलम आहे, शाळेत ते घाईत उरकलं जातं. शंभराने भाग जाणारं वर्ष लीप नसतं, पण चारशेने भाग जात असेल तर असतं. म्हणून २००० लीप होतं. १९०० नव्हतं आणि २१०० ही नसेल. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. चार वर्षांनी पहिला वाढदिवस यायचा तर १९०० ने दगा दिला. खऱ्या तारखेचा पहिला वाढदिवस त्यांना आठव्या वर्षी मिळाला. ९९ वर्षांच्या आयुष्यात असे वाढदिवस मोजून २३ आले.

वर्षाला लीप शब्द चिकटल्यावर तो सेकंदालाही चिकटला. अणुघड्याळं एका लयीत चालतात, पृथ्वीचं फिरणं मात्र किंचित अनियमित असतं. दोघांत फार अंतर पडू नये म्हणून १९७२ पासून अधूनमधून जगाच्या घड्याळात एक सेकंद घालतात. हा लीप सेकंद. आजवर असे २७ घातले, शेवटचा २०१६ च्या ३१ डिसेंबरला. तो जागतिक वेळेनुसार मध्यरात्री घालतात आणि आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून भारतात तो १ जानेवारी २०१७ च्या पहाटे आला. ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंद, मग ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंद, आणि मग साडेपाच. साठावा सेकंद! माणसांना कळलंही नाही. पण यंत्रांना असा सेकंद पचत नाही. २०१२ च्या जूनअखेरीस तो आला होता तेव्हा बऱ्याच मोठ्या संकेतस्थळांचे सर्व्हर अडखळले होते.

इथे उडी कोण मारतं? कुणीच नाही. सेकंद वाढतो, वारबीर काही ओलांडला जात नाही, नाव फक्त लीप वर्षावरून उचललं. अडीनडीला सेकंद कमीही करता यावा, अशी सोय नियमात ठेवलेली आहे. तसं झालं तर घड्याळ ५८ व्या सेकंदावरून थेट पुढच्या मिनिटावर जाईल आणि ती या नावाला शोभणारी उडी असेल. ती आजवर एकदाही मारली गेलेली नाही. २०२२ मध्ये वजनमापांच्या जागतिक परिषदेने ठरवलं की २०३५ पर्यंत ही सेकंदांची उठाठेव गुंडाळायची आणि बरंच मोठं अंतर पडू द्यायचं.

कॅलेंडर आणि घड्याळ बाजूला ठेवून मग मी शब्दाकडेच वळलो. जुन्या इंग्रजीत याचं रूप ह्लेआपान असं होतं, अर्थ उडी मारणं आणि धावणंही. जर्मनीतला त्याचा भाऊ लाउफेन, म्हणजे धावणं. हॉलंडमधला लोपेन, म्हणजे नुसतं चालणं. एकाच घरातली तीन भावंडं, एक चालतो, एक धावतो आणि इंग्लंडला गेलेला उड्या मारतो. आइसलँडमध्ये हिमनदीखाली साठलेलं पाणी अचानक फुटून लोंढा येतो, त्याच्या नावातही हाच शब्द आहे. बर्फाचं जणू धावत सुटणं.

आणखी एक नातलग आपल्या माळरानावर रोज ओरडत असतो. टिटवीचं इंग्रजी नाव लॅपविंग. ऐकून वाटतं, पंखाशी संबंध असणार. पण जुन्या इंग्रजीत ते नाव ह्लेआपेविन्से होतं. पहिल्या भागात हीच उडी आणि पुढच्या भागात डगमगणं, कारण हा पक्षी झुलत, हेलकावत उडतो. पुढे मूळ अर्थ विसरला गेला आणि लोकांनी आपल्या कानाला सोयीचं 'विंग' त्यात बसवून टाकलं.

आता रोजच्या वापराकडे येऊ, कारण गोंधळ तिथेच होतो. इंग्रजीत उडीला जंप आहे, लीप आहे, हॉप आहे, स्किप आहे, स्प्रिंग आहे. आपण सगळ्यांना 'उडी' म्हणून मोकळे होतो आणि मग इंग्रजी बोलताना कुठेही कुठलाही शब्द टाकतो. खरं तर मराठीचं कपाट याहून भरलेलं आहे. विहिरीत पाय पोटाशी घेऊन मारतात तो मुटका, हात पुढे करून शिरतात तो सूर. ससा टुणकन जातो, हरीण चौकड्या भरतं, चेंडू उसळी घेतो, ससाणा झडप घालतो, सर्कशीतला माणूस कोलांटी मारतो. यातल्या 'लीप'च्या सगळ्यात जवळचा शब्द माझ्या मते झेप. जंप म्हणजे उडी, हॉप म्हणजे लंगडी. एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच काम होतं.

खेळ आणि नृत्य शिकवणारे हा फरक पायांवरून करतात. ज्या पायावर उडालात त्याच पायावर उतरलात तर हॉप. दोन्ही पायांवर उतरलात तर जंप. एका पायाने उडून दुसऱ्या पायावर उतरलात तर लीप. पावसाळ्यात रस्त्यावरचं डबकं आपण ओलांडतो ना, ती लीप. तिहेरी उडीत हे जवळजवळ सगळंच बघायला मिळतं. आधी त्याच पायावर उतरायचं, मग दुसऱ्या पायावर, आणि शेवटी वाळूत दोन्ही पायांनी. नाव मात्र ट्रिपल जंप. मैदानातल्या उडीला इंग्रजीत जंपच म्हणतात. लाँग लीप म्हणालात तर समोरचा समजून घेईल, पण हसेल.

डबक्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं. झेपेत अलीकडचा काठ असतो, पलीकडचा काठ असतो आणि मध्ये पाय न टेकलेलं काहीतरी असतं. जंपला या कशाचीच गरज नसते. जागच्या जागी वर-खाली केलं तरी ती जंप. दचकलो तरी इंग्रजीत जंपच, तिथे लीप म्हटलं तर माणूस दचकला नाही, उसळून उभा राहिला असा अर्थ होतो. रांगेत घुसणं जंप, सिग्नल तोडणं जंप, जामिनावर सुटून पळून जाणं जंप. या जागी लीप चालत नाही. गंभीर, दूर पल्ल्याचं, थोडं धाडसाचं काही असलं की लीप. आनंदाने काळीज उचंबळलं तर लीप. पुरावा नसताना निष्कर्षावर पोचलात तर दोन्ही चालतात.

एका वाक्प्रचारात मराठी माणूस हमखास फसतो. एखादी गोष्ट झपाट्याने वाढतेय, यासाठी 'बाय लीप्स अँड बाउंड्स' म्हणतात. इथे बाउंड म्हणजे सीमा किंवा बंधन समजून 'सीमा ओलांडून' असं भाषांतर मी छापलेलं वाचलं आहे. हा बाउंड वेगळा आहे, त्याचाही अर्थ उसळी. झेपा आणि उसळ्या घेत, एवढंच. आपल्याकडे त्याला दिवसा दुप्पट, रात्री चौपट म्हणतात.

नील आर्मस्ट्राँगचं चंद्रावरचं वाक्य सगळ्यांना माहीत असतं: माणसाचं लहानसं पाऊल, मानवजातीची प्रचंड झेप. स्टेप आणि लीप, पाऊल आणि झेप. प्रक्षेपणात मात्र 'मॅन'च्या आधीचं 'अ' हे अक्षर ऐकू आलं नाही. ते नसेल तर इंग्रजीत 'मॅन' म्हणजेही मानवजात, आणि मग मानवजातीचं लहान पाऊल हीच मानवजातीची मोठी झेप, असं विचित्र वाक्य होतं. आपण 'अ' म्हणालो होतो, असं आर्मस्ट्राँग सांगत राहिले. ध्वनिफीत तपासणाऱ्यांचं अजून एकमत नाही. एका अक्षराचं मोल समजवायला व्याकरणाच्या शिक्षकाला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

झेप चांगलीच असते असंही नाही. चीनमध्ये १९५८ साली माओने जी मोहीम काढली तिचं नाव होतं मोठी पुढची झेप. शेती आणि कारखानदारीचे मधले टप्पे गाळून काही वर्षांत बलाढ्य व्हायचं होतं. गाळलेल्या टप्प्यांत अन्न होतं. दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली.

'क्वांटम लीप'वर माझा खास राग होता. कुठल्याही कंपनीच्या कार्यक्रमात नवा साबण आला तरी क्वांटम लीप. भौतिकशास्त्र शिकलेले लोक यावर नेहमीचा टोमणा मारतात की अणूतली ही उडी जगातल्या सगळ्यात लहान गोष्टींपैकी एक आहे, तुम्ही तिला प्रचंड कशाला म्हणता? मीही हा टोमणा अनेकदा मारला आहे. आता मागे घेतो.

१९१३ साली नील्स बोरने अणूचं जे चित्र मांडलं त्यात इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेच्या पायऱ्यांवरच असतो. पहिली पायरी, दुसरी पायरी. दीड नाही. वरून खाली आला की दोन पायऱ्यांमधल्या फरकाएवढा प्रकाश सोडतो. रस्त्यावर जुने पिवळे दिवे असत, सोडियमचे. तो पिवळा रंग म्हणजे सोडियमच्या अणूतल्या इलेक्ट्रॉनची एक ठरलेली उतरण. उतार नसून जिना आहे, ही त्यातली नवी गोष्ट होती. मधली जागाच नाही. (२०१९ मध्ये येल विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं की ही उडी अगदी क्षणार्धात न होता तिलाही थोडा प्रवास असतो. पण पायऱ्या राहतातच.) उडी केवढी याला महत्त्व नाही, मध्ये थांबायला जागा नाही याला आहे. एखाद्या बदलात मधला टप्पा खरंच नसेल तर क्वांटम लीप म्हणणं बरोबर आहे, मग तो बदल छोटा असो. साबणाला ते तरीही लागू होत नाही.

मधला टप्पा गाळण्यासाठी इंग्रजीत 'लीपफ्रॉग' हा शब्दही आहे, आणि आपण भारतीय तो जगलो आहोत. मूळ खेळ मुलांचा. एकाने ओणवं व्हायचं, दुसऱ्याने त्याच्या पाठीवर हात टेकून पाय फाकवून पलीकडे जायचं. अर्थशास्त्रात याचा अर्थ, पुढे गेलेल्यांनी चढलेली एखादी पायरी न चढता थेट वरच्या पायरीवर जाणं. टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघणारी पिढी अजून आहे. भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला आणि पुढच्या वीसेक वर्षांत खेड्यापाड्यांतली कितीतरी घरं तारेचा फोन कधी न येताच मोबाइलवर गेली. पैशांचंही तसंच. यूपीआय २०१६ ला आलं. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीने कार्ड घासायचं यंत्र कधी वापरलं नाही, चेकबुक तर नाहीच. रोख पैशांवरून ती एकदम क्यूआर कोडवर आली. ही तिची झेप, आणि ओलांडलेलं डबकं म्हणजे बँकांची चाळीस वर्षं.

जाता जाता एक वेडेपणा. इंग्रजीत प्राण्यांच्या समूहांना चित्रविचित्र नावं द्यायची जुनी हौस आहे. पंधराव्या शतकातल्या एका यादीत बिबट्यांच्या समूहाला 'लीप' म्हटलंय. जुन्नरच्या उसात राहणाऱ्या बिबट्याला हे सांगायला हवं. तो एकटा राहतो, फार तर मादीसोबत पिल्लं. म्हणजे समूह जवळजवळ नसतोच, नाव मात्र तयार आहे. 'लेपर्ड' शब्दाचा आणि उडीचा संबंध नाही बरं, तो सिंहवाचक शब्दावरून आला आहे.

भूतकाळाचं राहिलं. लीपचा भूतकाळ ब्रिटनमध्ये बहुधा लेप्ट, स्लीपचा स्लेप्ट तसा. पण स्लेप्टचं स्पेलिंग उच्चारानुसार बदलतं आणि लेप्टमध्ये जुनं 'ए' तसंच बसून राहतं, त्यामुळे मुलं लीप्ट वाचतात. अमेरिकेत शेवटी नुसतं 'ईडी' लावतात आणि तिथे लीप्ट हाच उच्चार बरोबर. परीक्षेत दोन्ही चालायला हवेत. एका निबंधात मात्र दोन्ही वापरू नयेत.

हे सगळं भाचीला सांगितलं नाही, तिला एवढा धीर नाही. वाराची उडी तेवढी तिला पटली. तिने लगेच बोटांवर पुढची वर्षं मोजली. १५ ऑगस्ट २०२७ ला रविवार, म्हणजे सुट्टी बुडाली. २०२८ ला सोमवार यायचा, शनिवार-रविवारला जोडून. पण ते लीप वर्ष, म्हणून आला मंगळवार. "म्हणजे मामा, ती तारीख नेमकी आपल्या सुट्टीवरून उडी मारते," ती म्हणाली आणि कॅलेंडर मला परत देऊन खेळायला गेली.